प्रगती अहवालातली चार वाक्यं

वर्तमानपत्राच्या जिल्हा कार्यालयातलं काम सुटल्यानंतर तीन वर्षं मी मुलांच्या निरीक्षणगृहात शिकवलं. मंगळवारी आणि शुक्रवारी, सकाळी दहा ते बारा, मराठी आणि भूगोल. सरकारी कागदांवर त्या मुलांना ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ म्हणतात. बातमीत आम्ही हा शब्द कधी वापरला नव्हता. आतही कुणी वापरत नसे. काळजीवाहक त्यांना ‘पोरगे’ म्हणत.

इमारत महामार्गापासून आत होती. चिऱ्याची उंच भिंत, वर तार, खिडक्यांना जाळी. समुद्र सात-आठ किलोमीटरवर, म्हणजे दिसण्या-ऐकण्यापलीकडे. वर्ग जेवणाच्या खोलीत भरे. सकाळची पेज झाली की टेबलं पुसून घ्यायची, मग पेन्सिली वाटायच्या. पेन बंद होतं, कारण पूर्वी एका मुलाने पेनचं टोक स्वतःच्या दंडात खुपसलं होतं. अकरा पेन्सिली दिल्या की अकरा परत यायला हव्यात. एक कमी पडली तर सगळ्यांची झडती आणि तोवर कुणी जागेवरून उठायचं नाही.

यातली चार-पाच मुलं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार होती. हे लिहिलं आहे ते त्यांतल्या एकाबद्दल. त्याचं गाव, वर्ष आणि ओळख पटेल असं काही मी देत नाही. कायद्याने देता येत नाही, आणि कायदा नसता तरी दिलं नसतं.

तो किनाऱ्यावरच्या मासेमारी करणाऱ्या घरातला. आई मासे विकायची, बाप दुसऱ्या जिल्ह्यातल्या ट्रॉलरवर खलाशी. जाळं फाडल्यावरून सकाळी किनाऱ्यावर भांडण झालं. त्याने वल्हं उचलून एकाच्या डोक्यात घातलं. तो माणूस चौथ्या दिवशी रुग्णालयात वारला. त्या सकाळी मुलाचं वय सोळा वर्षं सात महिने होतं.

हे सात महिने महत्त्वाचे होते. सोळाच्या आतल्या मुलाचा प्रश्न बाल न्याय मंडळापुढेच मिटतो. सोळा ते अठरामधल्या मुलाकडून खुनासारखा गुन्हा घडला तर मंडळ आधी एक गोष्ट तपासतं. ते कृत्य करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याच्यात होती का, आणि त्याचा परिणाम त्याला कळत होता का? उत्तर नाही आलं तर तो मूल राहतो. जास्तीत जास्त तीन वर्षं सुधारगृहात, आणि नंतर ही गोष्ट त्याच्या मागे लागत नाही. उत्तर हो आलं तर प्रकरण बाल न्यायालयात जातं, तिथे प्रौढ माणसासारखा खटला चालू शकतो, आणि एकविसाव्या वर्षानंतर उरलेली शिक्षा तुरुंगात. त्याच्यापुढे हे दोन रस्ते होते. दुसरं काहीही, दहावीसुद्धा, त्या मानाने किरकोळ होतं.

पहिले तीन आठवडे तो बोलला नाही. जेवणाची थाळी समोर आली की कपाळ भिंतीवर आपटायचा. जोरात नाही, एका लयीत. जिल्हा रुग्णालयातले मानसोपचारतज्ज्ञ गुरुवारी येत. त्यांनी एक गोळी सकाळी, एक संध्याकाळी सुरू केली. गोळ्या देण्याची पद्धत ठरलेली होती. मुलांनी रांगेत उभं राहायचं, गोळी गिळायची, तोंड उघडायचं, जीभ वर करायची. काळजीवाहक टॉर्च मारून बघत. सकाळच्या गोळीने तो माझ्या तासाला टेबलावर डोकं ठेवून झोपे. दीड महिन्याने डॉक्टरांनी ती अर्ध्यावर आणली.

समुपदेशक ताई आठवड्यातून तीनदा त्याच्याजवळ बसत. प्रश्न विचारून काही निघेना, तेव्हा त्यांनी सुतळी दिली, दोन हात लांब, मोजून. त्याने जाळ्याच्या गाठी मारायला सुरुवात केली. ताईंनी मुद्दाम एक गाठ चुकीची मारून दाखवली. तो पहिल्यांदा बोलला तो तेव्हा. “असां न्हय. ह्या सुटतला.”

वर्गात तो बोलायला लागला तो भूगोलामुळे. धडा भरती-ओहोटीचा होता. मी उधाणाची आणि भांगाची भरती समजावत होतो. तळेऱ्याचा एक मुलगा मागून म्हणाला, “सर, आमच्या तळेऱ्याक भरती नाय नि ओहोटी नाय. नुसत्यो एसट्यो.”

“तुका पोवाक तरी येता काय रे?” दुसऱ्याने विचारलं.

“बादलीत येता.”

सगळे हसले. तो हसला नाही. हात वर न करता म्हणाला, “उधाणाच्या पाण्यात जाळा टाकूचा नाय. तुमी जाळा ओढूचास नाय, जाळाच तुमका ओढतला.”

मी त्याला पुढे बोलावलं आणि फळ्यावर काढून दाखवायला सांगितलं. त्याने रापण काढली. होडीने समुद्रात गोल सोडलेलं लांब जाळं, त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर, आणि दोन्हींकडे ओढणारी माणसं. एका बाजूची माणसं घाई करू लागली तर जाळं कसं फिरतं, मासळी कुठून निसटते, हे सांगितलं. दोर मनगटाला का गुंडाळायचा नाही, तेही सांगितलं. पाण्याने ओढ घेतली तर माणूस दोराबरोबर जातो. हे सगळं त्याने क्रमाने सांगितलं, एकही पायरी न गाळता. तळेऱ्याच्या मुलाने विचारलं, “नि म्हावरा कोणाचा?” तो म्हणाला, “ओढतलो तेचा. बघत बसतलो तेका वास.” त्या दिवशी दहा मिनिटं तो वर्ग कुठल्याही शाळेतल्या वर्गासारखा होता.

महिन्याच्या शेवटी प्रत्येक मुलाचा प्रगती अहवाल भरायचा असे. छापील पान, पाच रकाने. वर्तन, अभ्यास, आकलन, आरोग्य, शेरा. मागचे अहवाल मी चाळले होते. सगळ्या मुलांपुढे, सगळ्या रकान्यांत, वर्षानुवर्षं एकच शब्द होता, ‘समाधानकारक’. दात पडलेल्या मुलाचं आरोग्य समाधानकारक. पळून जाऊन परत आणलेल्या मुलाचं वर्तन समाधानकारक. मला तो आळस वाटला. आमच्या कार्यालयात असा मजकूर आला असता तर मी तो परत पाठवला असता. माणसाबद्दल लिहायचं तर त्याच्याबद्दलचं निश्चित काहीतरी लिहावं, आणि जे स्वतः पाहिलं तेवढंच लिहावं, हे मी नव्या बातमीदारांना बरीच वर्षं सांगत आलो होतो.

वालावलच्या बाजूचे एक काळजीवाहक तिथे वीसेक वर्षं होते. मी टेबलाशी बसून अहवाल लिहीत होतो, ते दाराशी उभे होते. वाकून त्यांनी कागद पाहिला.

“सर, ही काय बातमी न्हय.”

“म्हणजे?”

“समाधानकारक लिवा नि सोडा. जास्ती लिवलात तर कोण तरी वाचतलो.”

“वाचावं म्हणूनच लिहायचं ना, काका?”

ते पेन्सिलींचा डबा उचलून गेले.

मी त्या मुलाच्या आकलनाच्या रकान्यात चार वाक्यं लिहिली. ‘सुरुवातीला अजिबात बोलत नसे, औषधोपचार आणि समुपदेशनानंतर स्वतःहून बोलू लागला आहे. कामातला धोका आधीच ओळखतो. एखाद्या कृतीनंतर काय घडेल, हे क्रमाने सांगू शकतो. वयाच्या मानाने बराच प्रगल्भ आहे.’ चारही वाक्यं खरी होती. प्रत्येकासाठी माझ्याकडे वर्गातलं उदाहरण होतं. खाली सही केली. मला आठवतं, लिहून झाल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि एकही शब्द बदलावासा वाटला नाही.

तेव्हा त्याला येऊन अडीच महिने झाले होते. पुढच्या पंधरवड्यात मंडळापुढे त्याची तपासणी होती. हे मला माहीत होतं. मंडळ निरीक्षणगृहाची फाइल मागवतं आणि फाइलमध्ये माझं पानही असतं, हेसुद्धा विचारलं असतं तर मी सांगू शकलो असतो. मी दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या नाहीत.

निर्णय मला त्याच्या वकील बाईंनी दाखवला. त्या कायदेशीर मदत केंद्राकडून नेमलेल्या होत्या, कुडाळहून यायच्या. निरीक्षणगृहाच्या व्हरांड्यात त्यांनी कागद माझ्या हातात दिला आणि एका परिच्छेदावर बोट ठेवलं.

“हे तुमचं ना, सर?”

तिथे माझी तीन वाक्यं होती. दुसरं, तिसरं आणि चौथं. पहिलं नव्हतं. मंडळाने नेमलेल्या तज्ज्ञांनी आपल्या अहवालात ठाम मत दिलेलं नव्हतं, दोन्ही बाजूंनी थोडंथोडं लिहिलं होतं. मंडळाने म्हटलं होतं की मुलाला रोज पाहणाऱ्या शिक्षकाचं निरीक्षण या बाबतीत स्पष्ट आहे. प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवलं होतं.

“मी रोज पाहत नाही. आठवड्यातून दोन दिवस येतो,” मी म्हणालो.

“ते असू दे. तुम्ही हे कुठल्या दिवसाबद्दल लिहिलंय?”

मला प्रश्न लगेच कळला नाही.

“तपासायचं होतं ते किनाऱ्यावरच्या त्या सकाळचं,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी त्याला काय कळत होतं ते. तुम्ही लिहिलंय ते अडीच महिन्यांनंतरचं. गोळ्या घेऊन, ताईंकडे बसून, तुमच्याकडे शिकून झाल्यानंतरचं.”

बातमीत पहिली ओळ गाव आणि तारीख यांची असते. अहवालाच्या छापील पानावर तारखेची जागा वर कोपऱ्यात होती, आणि ती मी भरली होती. पण मजकुरात ‘आज’ हा शब्द नव्हता. वाचणाऱ्याला तो मुलगा नेहमीच तसा असल्यासारखा दिसत होता. आम्ही सगळ्यांनी मिळून त्याच्यात जे आणलं होतं, ते आधीपासूनच तिथे होतं असं कागद सांगत होता.

मी मंडळाला दोन पानांचं स्पष्टीकरण लिहिलं. कारकुनाने पोच दिली. वकील बाई म्हणाल्या, “जोडू आपण. पण हे दुरुस्ती म्हणून वाचणार नाहीत. मास्तरला मुलाची दया आली, असं वाचतील.” एक गोष्ट मात्र बाकी होती. बाल न्यायालयाला मंडळाचं मत मान्य करण्याची सक्ती नव्हती. ते स्वतः पुन्हा विचार करू शकत होतं आणि त्याला मूल ठरवून परत पाठवू शकत होतं. आता सगळं त्यावर होतं.

आतल्या गोष्टी आत लपत नाहीत. पुढच्या मंगळवारी मी वर्गात गेलो तेव्हा पेन्सिली वाटून झाल्या होत्या. मी वाऱ्यांच्या धड्यावर प्रश्न विचारला. कुणी बोललं नाही. एकेकाकडे बोट दाखवून विचारलं.

“माका येना नाय.”

“माका पण नाय.”

“गेल्या आठवड्यात तूच सांगितलंस,” मी म्हणालो.

“इसारलंय.”

तळेऱ्याचा मुलगा उठून उभा राहिला. तो एरवी उभा राहत नसे. “सर, सोळाच्या वर आसत तेंका काय एक येना नाय. तुमी बारक्यांक इचारा.”

यावर मुलं हसली, पण थोडीशीच. चौदा-पंधरा वर्षांच्या तिघांनी उत्तरं दिली. बाकीचे कागदाकडे बघत राहिले. ताईंच्या गटातही तेच झालं. राग आला की काय करायचं, या तक्त्यावर मुलं आधी स्वतः लिहायची. आता ती तक्ता कोरा परत देत. ताई मला म्हणाल्या, “मीसुद्धा ‘प्रतिसाद उत्तम’ लिहिलं होतं. माझं कुणी उचललं नाही, एवढंच.” पुढच्या महिन्यात त्यांनी आणि मी, दोघांनीही पाचही रकान्यांत ‘समाधानकारक’ लिहिलं. काळजीवाहकांनी पानं गोळा करताना ते पाहिलं असावं.

तो मात्र माझ्याशी पूर्वीसारखाच वागे. सकाळची गोळी बंद झाली होती. डोकं टेबलावर नसे. पुस्तक उघडं असे, पान उलटलं जाई, ओठ हलत. तो वाचत होता. फक्त विचारलं तर येत नव्हतं.

मार्चमध्ये परीक्षा झाली. केंद्र जवळच्या एका शाळेत होतं. साध्या कपड्यातले दोन पोलीस त्याला घेऊन जात, मी त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत जाई. परीक्षेसाठी त्याला पेन मिळालं होतं. पहिला पेपर मराठीचा. पहिल्या तासाला बाहेर सोडत नाहीत. तास संपला तसा तो बाहेर आला. पर्यवेक्षकांनी मला नंतर सांगितलं की त्याने बैठक क्रमांक लिहिला, प्रश्नपत्रिका दोनदा वाचली आणि उत्तरपत्रिकेवर हात ठेवून बसला. पुढचे सगळे पेपर तसेच गेले. भूगोलाचासुद्धा.

भूगोलाच्या दिवशी परत येताना गाडीत पोलीस पुढे बसले होते. मी विचारलं, “काहीच येत नव्हतं?”

“सर, रागावू नकात. सगळा येत होता.”

“मग?”

“म्हणानच.”

निकालात तो सर्व विषयांत नापास झाला. त्याची आई भेटीच्या दिवशी आली होती. मासे विकून तशीच आलेली, हातात रिकामी पाटी. मी निकाल सांगितला तेव्हा तिने मान हलवली. “नापास झालो तां बरां झाला, सर. वकील बायेक कागद द्या. म्हंजे कोर्टाक कळतला, ह्येका काय समाजना नाय.” वकील बाईंनी गुणपत्रिका लावली. त्यांनी तो का नापास झाला हे विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

बाल न्यायालयात मला साक्षीला बोलावलं ते सरकारी बाजूने. उभं राहून शपथ घेतली. सरकारी वकिलांनी अहवाल माझ्यापुढे धरला.

“सही तुमची?”

“हो.”

“मजकूर तुम्हीच लिहिलात?”

“हो.”

“त्यात काही खोटं आहे?”

“नाही. पण तो त्या दिवशीचा...”

“खोटं आहे का, एवढंच विचारलंय.”

“नाही.”

त्याच्या बाजूच्या वकील बाईंनी उलट विचारताना तारीख नोंदवून घेतली, गोळ्या आणि समुपदेशन नोंदवून घेतलं. न्यायाधीशांनी ते लिहिलं. माझी साक्ष वीसेक मिनिटांत संपली.

नंतर न्यायाधीशांनी मुलाला आपल्या कक्षात घेतलं. अशा वेळी ते कोटाशिवाय, साध्या खुर्चीवर बसून बोलतात. आत मी नव्हतो. वकील बाई होत्या, त्यांनी सांगितलेलं लिहितो. न्यायाधीशांनी चहा विचारला. घरचं विचारलं. मग गुणपत्रिका पाहिली आणि चढा आवाज न करता विचारलं की इतके महिने वर्गात बसत होतास, सगळे पेपर कोरे कसे? खरं सांग, असं त्याला वकील बाईंनीच शिकवून ठेवलं होतं. कचेरीत बोलतात तशा मराठीत तो म्हणाला, “पास झालो असतो तर ते इथे दाखवलं असतं, सर. हुशार आहे, सगळं कळतं, असं म्हणाले असते. म्हणून लिहिलं नाही.”

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं, असं बाई म्हणाल्या.

निकाल आठवड्याने लागला. माझ्या अहवालाला त्यांनी फार महत्त्व दिलं नव्हतं. उपचारानंतरचा आहे, असं म्हणून तो बाजूला ठेवला होता. पण पुढच्या परिच्छेदात कोऱ्या उत्तरपत्रिका होत्या. आपल्या कृतीचा कायदेशीर परिणाम काय होईल हे या मुलाने परीक्षेआधीच ओळखलं, त्याप्रमाणे वर्तन ठरवलं आणि सगळे पेपर होईपर्यंत त्यात बदल केला नाही, अशा अर्थाचं लिहिलं होतं. जो हे करू शकतो त्याला किनाऱ्यावर वल्हं उचलताना काही कळत नव्हतं असं मानता येत नाही. खटला प्रौढ म्हणून चालेल. तोवर त्याला घाटावरच्या, दुसऱ्या जिल्ह्यातल्या ‘सुरक्षित स्थानात’, म्हणजे सोळावरच्या मुलांच्या बंदिस्त गृहात, ठेवावं.

न्यायालयाच्या व्हरांड्यात त्याची आई बाकावर बसली होती. वकील बाईंनी तिला समजावलं. ती ऐकत राहिली, मग माझ्याकडे वळली.

“सर, लिवला आसता तर शाणो. नाय लिवला तरी शाणो?”

“हो.”

“मगे पोरगो म्हणान ऱ्हवाक तेणा काय करूक होया होता?”

वकील बाई म्हणाल्या, “वरच्या कोर्टात जाऊ, काकी. संपलेलं नाही.”

“थंय शाळा आसा?”

“कुठे?”

“खंय नेतत थंय.”

“आहे. शाळा आहे, डॉक्टर येतात, सगळं आहे.”

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. “मगे तेका सांगा, थंय शाळेत बसा नको. डॉक्टराकडे पण काय बोला नको.”

गाडी फाटकाशी उभी होती. आईला आधीच एकदा भेटू दिलं होतं, पुन्हा सोडत नव्हते. मला ओळखणाऱ्या हवालदाराने दोन मिनिटं दिली. मी खिडकीच्या जाळीशी गेलो आणि तिचा निरोप तिच्याच शब्दांत सांगितला.

“बरां, सर,” तो म्हणाला.